उपवासाच्या रकान्यातली रेघ

शनिवार, ३१ ऑगस्ट २०२४. दुपारचे चार. जागा : कारखान्याचं चेकिंग खातं, काचेच्या टेबलाजवळ.

हजर : चेकिंगच्या सहा जणी, त्यांत नसीम. पॅकिंगचे चौघे. मागांवरचे बिराजदार मास्तर. धाकटे शेठ. राजमणी अक्का म्याकल आणि त्यांची थोरली जाऊ. मी.

गैरहजर : थोरले शेठ, गुडघ्यामुळे.

निमित्त : राजमणी अक्कांचा निरोप.

त्या दिवशीच्या माझ्या यादीत नऊ कामं होती. आठांवर बरोबरची खूण आहे. नववं शेवटी सांगते, कारण ते अक्कांबद्दल सांगितल्याशिवाय कळायचं नाही.

मी सोलापुरातल्या या कारखान्याचं ऑफिस सांभाळते. हजेरी, रजा, पाळ्या, चाव्या. आमच्याकडे चादरी आणि टर्किश टॉवेल होतात. मागावरून उतरलेलं कापड चेकिंगला येतं. तिथे एक लांब काचेचं टेबल आहे, खाली ट्यूबलाइट. कापड त्यावरून सरकवायचं, खोट दिसली की काठाला लाल दोऱ्याची गाठ मारायची, नसली की आपल्या नंबराच्या शिक्क्याची चिठ्ठी लावायची. अक्कांचा नंबर सात. मी नोकरीला लागले तेव्हा सात नंबर त्यांचा होता, आणि त्याच्या आधीही बरीच वर्षं तो त्यांचाच होता.

अक्का ठेंगण्या, घट्ट बांध्याच्या. केसांत अबोली असायचीच. बांगड्या मात्र सगळ्या डाव्या हातात, उजवा हात मोकळा. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, हा त्यांच्या पद्मशाली लोकांतला काही रिवाज असेल. विचारलं तर म्हणाल्या, "रिवाज कसला की मॅडम, टावेलाच्या फंदात, त्या दोऱ्याच्या फासांत, बांगडी अडकती. देवाला दोन्ही हात सारकेच." त्याच डाव्या मनगटाला बांगड्यांच्या मागे लाल दोऱ्याचे चार-पाच वेढे असत. कुठे खोट लागली की दोरा तोडून गाठ. लग्नात भेटल्या तरी दोरा मनगटावर. एकदा त्यांनी नवरीच्या शालूच्या काठाला गाठ मारली होती, असं नसीम सांगते. अक्का नाही म्हणतात, पण हसून नाही म्हणतात.

"लागली" हा त्यांचाच शब्द. बाकीच्या जणींना खोट दिसायची, अक्कांना लागायची. बघायच्या त्या भलतीकडेच, दारातून कोण आलं, कोण गेलं. हात चालू असायचा. एकदा माझ्या ऑफिसात रजेचा अर्ज द्यायला आल्या, हजेरीच्या वहीवर हात टेकला आणि म्हणाल्या, "हे पान दुसऱ्या वहीतलं हाय." होतंच. मूळ पानावर चहा सांडला म्हणून मी बेमालूम चिकटवलं होतं. मालकांना कळलं नव्हतं.

खराब कापडाला त्यांनी कधी खराब म्हटलं नाही. "हा पीस नाराज हाय," म्हणायच्या. एखादा फार बिघडलेला असला तर "लई नाराज". आणि नाराज माणसाला जसं विचारतात तसं, ओरडायचं नाही, आधी काय झालं ते बघायचं.

त्यांच्या या बघण्याची एक गोष्ट कारखान्यात अजून सांगतात. एकदा टॉवेलात बारीक आडवी रेघ यायला लागली. बिराजदार मास्तरांनी सुताला दोष दिला, सूत बदललं, रेघ तशीच. अक्कांनी तो सगळा तागा टेबलावर पसरून कोपरापासून बोटापर्यंत हातानं मोजला. मग मास्तरांना बोलावलं.

"मास्तर, ही दर सव्वा हाताला यालीय. सूताची खोट अशी येळ बघून येत न्हाय. जी खोट ठराविक अंतरानं येती, ती फिरत्या भागाची असती. काय फिरतंय ते बघा."

"अक्का, माग मी चालवतो का तुमी?"

"तुमीच चालवा की. तो कुटं लंगडालाय तेवडं मी सांगालेय."

मास्तर अक्कलकोटकडचे, रागावले की कानडीत पुटपुटतात. पुटपुटत गेले. कापड पुढे ओढणाऱ्या रुळाच्या पत्र्याला एका जागी कंगोरा निघाला होता. रूळ एक फेरा घेई आणि कापडावर एक रेघ उठे. त्या दिवशी अक्कांनी मास्तरांना एवढंच ऐकवलं, "खोट दिसती कापडात, असती दुसरीकडं." हे वाक्य मास्तर आता नव्या मुलांना स्वतःचं म्हणून सांगतात.

आता मुख्य गोष्ट. निवृत्तीच्या आदल्या वर्षीचा उन्हाळा.

आधी कोणाच्या लक्षात आलं ते नसीमच्या. दुपारच्या सुट्टीत अक्का डबा तिच्याकडे सरकवायला लागल्या, "उघड ग जरा, झाकण घट्ट बसलंय." रोजच झाकण घट्ट कसं बसेल? नसीमनं बोटं बघितली. सांधे सुजून बोटं भेंडीसारखी झाली होती. हातांवर कोपरापर्यंत लाल चट्टे. सकाळी उठल्यावर तासभर मूठ मिटत नव्हती. दुपारपर्यंत अंगातलं बळ गेल्यासारखं व्हायचं. हे सगळं अक्कांनी तीन महिने दाबून ठेवलं होतं. नसीमनं ते मला येऊन सांगितलं, आणि त्याबद्दल अक्का तिच्याशी दोन दिवस बोलल्या नाहीत.

मग जूनमध्ये एक टॉवेलांचा गठ्ठा परत आला. आतल्या चार टॉवेलांत मोकळे फंद, आणि चारांवर सात नंबरची चिठ्ठी.

धाकट्या शेठनी त्यांना ऑफिसात बोलावलं. मी तिथेच होते. शेठ वाईट बोलले नाहीत, आवाजही चढवला नाही. "अक्का, वर्ष राहिलंय. आता पॅकिंगला बसा, स्टिकर लावा. दिवाळीपर्यंत बघू. नाही जमलं तर घरी आराम करा. कोण काही बोलणार नाही." शिक्का त्यांनी माझ्याकडे दिला.

अक्का बाहेर आल्या. पाणी प्यायल्या. मला म्हणाल्या, "मॅडम, शिक्का ड्रॉवरात ठिवा. दुसऱ्या कुणाला देऊ नका. बोटं नाराज हायत, मेली न्हाईत."

सात रस्त्याजवळ सांधेदुखीच्या एक डॉक्टरीणबाई आहेत. दुसऱ्या दिवशी मीच अक्कांना घेऊन गेले. रक्त तपासलं, हातांचे फोटो काढले. बाईंनी सरळ सांगितलं, "शरीर स्वतःवरच चिडलेलं दिसतंय. पण अजून याला पक्कं नाव देता येत नाही. कधी कधी ते काळानं स्पष्ट होतं, कधी होत नाही."

"माज्यावर चिडलंय?" अक्का म्हणाल्या. "म्हंजे नाराज. मग कशावर ते बगायला पायजे."

बाई हसल्या. त्यांनी दोन गोळ्या सुरू केल्या आणि एक काम दिलं. रोज काय खाल्लं, किती झोप, किती काम आणि दुखणं किती, हे लिहायचं. काही माणसांना एखादं खाणं सोसत नाही आणि दुखणं त्यानं वाढतं, सगळ्यांचं तसं नसतं. आपल्या मनानं काही बंद करायचं नाही, आधी नुसतं लिहायचं.

लिहायचं म्हटल्यावर काम माझ्याकडे आलं. अक्कांना मराठी वाचता येतं, पण लिहिणं जेमतेम, आणि त्या बोटांनी तेही नाही. मी पट्टीनं तक्ता आखला. तारीख, वार, सकाळचं, दुपारचं, संध्याकाळचं, झोप, दुखणं. दुखण्याला लाल टिंब, कमी असेल तर एक, फार असेल तर तीन. रोज सकाळी अक्का टेबलासमोर उभ्या राहायच्या आणि मी विचारायचे. भाकरी, डाळ, शेंगाची चटणी, वांगं, भात, कोरा चहा. कोरा चहा का, तर लहानपणी घरात हातमाग होता, माणसं दहा आणि दूध पावशेर. ते तान्ह्याला. बाकीच्यांनी कोरा प्यायचा, तीच जीभ राहिली. आताही एरवी घरात दूध यायचं ते नातवापुरतं.

सोमवारी आणि गुरुवारी अक्कांचा उपवास. सोमवार सिद्धेश्वराचा, गुरुवार अक्कलकोटच्या स्वामींचा. दुसऱ्या दिवशी विचारलं, "काल काय खाल्लं?" तर उत्तर ठरलेलं, "काय न्हाय. उपास हुता की."

मी तिन्ही रकान्यांतून एक आडवी रेघ ओढायचे. सरळ, पट्टीनं.

चार आठवडे झाले. लाल टिंबं काही सरळ चालेनात. कधी एक, कधी दोन. तीन टिंबं मात्र मंगळवारी आणि शुक्रवारी हमखास. हे पॅकिंगमध्ये सगळ्यांना पाठ झालं होतं, कारण त्या दोन दिवशी अक्कांच्या हातून स्टिकरची पट्टीसुद्धा सुटायची. बिराजदार मास्तरांनी जुना हिशेब चुकता केला, "अक्का, मंगळवार-शुक्रवार देवीचे वार. अंगात येतंय का काय?"

"आलं तर पैलं तुमालाच धरीन," अक्का म्हणाल्या.

पण ही थट्टा घरी जाऊन वेगळीच झाली. थोरल्या जाऊबाईंनी ती खरी मानली. देवीचेच वार आहेत म्हणजे देवीचंच काहीतरी राहिलंय. त्या वर्षी श्रावण अधिकाचा, दोन महिन्यांचा. जाऊबाई म्हणाल्या, अधिक महिन्यात केलेलं अधिक पावतं, मंगळवार आणि शुक्रवारही धर. अक्कांनी धरले. चार उपवास.

आणि दुखणं वाढलं. आता मंगळवार, बुधवार, शुक्रवार, शनिवार, चारी दिवस तीन-तीन टिंबं. एका शनिवारी त्या कामावर आल्या तेव्हा साडीच्या निऱ्या सुनेनं घालून दिल्या होत्या, आणि ते सांगताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. माझ्या ड्रॉवरात शिक्का. कॅलेंडरावर दिवाळीला मी गोल केलेला. मी मनातल्या मनात पॅकिंगच्या पाळ्या नव्यानं लावायला सुरुवात केली होती. खोटं कशाला बोलू?

ऑगस्ट संपत आला होता. दुपारच्या सुट्टीत अक्का ऑफिसात आल्या. "मॅडम, ते तक्ते द्या. सगळे."

त्या तक्ते घेऊन चेकिंगला गेल्या. काचेच्या टेबलावर पानं एकाला एक लावून पसरली, तागा पसरावा तशी. खालची ट्यूबलाइट लावली. आणि पॅकिंगला टाकलेली ती बाई टेबलाच्या टोकापासून बोट फिरवत निघाली, लाल टिंबांवरून. नसीम डबा तसाच ठेवून जवळ आली. मीही.

"हितं बगा. पैलं चार हप्ते. मंगळ, शुक्र. मंगळ, शुक्र. अंतर ठरलेलं." बोट पुढे सरकलं. "हितनं मी उपास वाढीवले. खोट बी वाढली. मंगळ, बुध, शुक्र, शनी." त्या थांबल्या. "मॅडम, ही सूताची खोट न्हाय. फिरत्या भागाची हाय."

"काय फिरतंय?" मी विचारलं.

"उपास फिरालाय."

मी म्हटलं, "म्हणजे उपाशी राहून अशक्तपणा येत असेल. उपवासाला तर तुम्ही काहीच खात नाही."

"काय न्हाय," अक्का म्हणाल्या.

तेव्हा नसीमनं तो प्रश्न विचारला, जो मी आठ आठवडे रोज सकाळी विचारायला हवा होता. "पर अक्का, काय नाही म्हंजे काय? उपासाला क्या क्या खाते तुम?"

"काय न्हाय ग. सकाळी दूध, पेलाभर. मग साबुदाण्याची खिचडी. त्यावर दही. दुपारी दोन केळी, राजगिऱ्याचा लाडू. मठातनं कुणी आलं तर पेडा. रात्री भगर, शेंगदाण्याची आमटी, परत झोपताना दूध. बस."

नसीम बोटांवर एकेक पदार्थ मोजत होती. मग नसीम म्हणाली, "या अल्ला. हमारे रोजे में काय नाही म्हंजे काय नाही, पाणी भी नाही. तुमच्या काय नाहीमध्ये तो शादी होती."

अक्का इतक्या हसल्या की दुखऱ्या हातानं त्यांनी टेबल धरलं. मी नाही हसले. मी त्या रेघांकडे बघत होते. भाकरी-डाळीच्या दिवसांची नोंद मी चटणीसकट केली होती, आणि ज्या दिवशी सगळ्यात जास्त प्रकार पोटात गेले ते दिवस मी पट्टीनं कोरे ठेवले होते. मलाही ते कधी खटकलं नाही. मीही चतुर्थी करते. मीही घरी विचारलं तर "काही नाही" म्हणते.

अक्कांनी मनगटावरचा दोरा तोडायचा प्रयत्न केला. बोटांना जमेना. नसीमनं तोडून दिला. मग तो लाल दोरा त्यांनी माझ्या तक्त्यावर, एका रेघेवर ठेवला.

"नाराज हितं हाय," म्हणाल्या.

तक्ते घेऊन आम्ही परत डॉक्टरीणबाईंकडे. त्यांनी ते लक्ष देऊन बघितले आणि आपल्या दवाखान्यातल्या आहाराचं बघणाऱ्या बाईंना बोलावलं. ठरलं ते असं. वाढवलेले दोन उपवास बंद. गोळ्या चालू. एका वेळी एकच पदार्थ सोडायचा, ठरलेले आठवडे, बाकी सगळं जसंच्या तसं. फरक पडला तर तो पदार्थ मुद्दाम परत खाऊन बघायचा. ही शेवटची अट अक्कांना एकदम पटली. "बरोबर हाय. एका गाठीवरनं माग बंद करायचा न्हाय."

पहिला संशय सगळ्यांनी शेंगदाण्यावर घेतला. अक्का म्हणाल्या की चटणी तर रोजच असते, पण उपवासाला कूट, आमटी, खिचडी, सगळीकडे तोच, प्रमाण चौपट. आधी तोच सोडायचा. सोलापूरच्या माणसानं शेंगाची चटणी सोडायची म्हणजे काय ते बाहेरच्याला सांगून कळणार नाही. अक्कांनी तीन आठवडे कोरडी कडक भाकरी कांद्याबरोबर खाल्ली. समोर नसीम डबा उघडायची तो पाठ फिरवून. मास्तर रोज चौकशी करायचे, "सुतक फिटलं का?"

तीन आठवड्यांनी टिंबं तशीच. मंगळवार तीन, शुक्रवार तीन. शेंगदाणा निर्दोष सुटला. त्या दिवशी अक्कांनी घरून डबाभर चटणी आणून खात्यात वाटली, मास्तरांना दोनदा वाढली. दुखणं कुठून येतं ते कळलं नव्हतं, पण कुठून येत नाही हे कळलं होतं, आणि त्याचाही त्यांना आनंद झाला होता. मला तो तेव्हा समजला नाही. दिवाळी सात आठवड्यांवर होती.

मग दूध. दूध, दही, पेडा, सगळं. इथे जाऊबाई आडव्या आल्या. "दुदाबिगर उपास कसला? देवाला काय सांगशील?"

अक्कांनी शांतपणे उत्तर दिलं, ते मला त्यांच्या सुनेनं सांगितलं. "वयनी, देवानं उपास सांगितलाय. दूध आपणच घातलंय त्यात."

सोमवारचा उपवास झाला. मंगळवारी दोन टिंबं. गुरुवारचा झाला, शुक्रवारी दोन. पुढच्या मंगळवारी एक. तिसऱ्या आठवड्यातल्या शुक्रवारी दुपारी सुट्टीत नसीमनं सवयीनं हात पुढे केला, आणि अक्कांनी डबा स्वतः उघडला. टक् असा आवाज झाला. नसीमनं फक्त आपला हात परत घेतला आणि पदरानं डोळे पुसले, म्हणाली कांदा आहे.

तरी परत खाऊन बघायचं होतं. मला ते नको होतं. मी म्हटलं, "कळलं ना आता, राहू द्या." अक्का ऐकेनात. उपवास नसलेला वार निवडला, बुधवार. सकाळी पेलाभर दूध, रात्री पेलाभर. गुरुवारी सकाळी मूठ मिटली नाही, हातावर चट्टे. मी तीन टिंबं काढली. ती ओसरू दिली, आणि पुढल्याच्या पुढल्या बुधवारी पुन्हा. पुन्हा तीन. दुसऱ्यांदा त्या सुजलेले हात घेऊन टेबलासमोर आल्या तेव्हा इतक्या खूश होत्या की मास्तरांना वाटलं दुसरा नातू झाला.

"सापडला, मास्तर. रुळाचा कंगोरा."

दिवाळीनंतर कारखाना उघडला त्या दिवशी मी ड्रॉवरातून शिक्का काढला. धाकट्या शेठनी टेबलाशी येऊन त्यांचे हात बघितले, आणि एक टॉवेल पुढे केला. अक्कांनी तो घेतलाच नाही. "परीक्षा नगं. पैल्या आठवड्याचा माल परत तपासून घ्या दुसरीकडनं. माझी बोटं हायत, पण लई दिवस बसून हुती." शेठनी तपासून घेतला. एकही परत आला नाही.

त्या पूर्ण बऱ्या झाल्या असं मी लिहिणार नाही. थंडीत सांधे कुरकुरायचे. डॉक्टरीणबाईंनी काही महिन्यांनी दोनांतली एक गोळी कमी केली, एक चालू ठेवली. कोणी म्हटलं, आता गोळी कशाला, तर अक्का म्हणायच्या, "माग दुरुस्त झाला म्हणून तेल बंद करतात व्हय?" आणि नसीमनं त्यांचं बघून गुडघ्यासाठी दूध सोडलं तेव्हा तिला सगळ्यांसमोर झापलं. "माझ्या मागाची खोट तुझ्या मागात कशाला शोधालीस? तुझा तक्ता तू लिही. डॉक्टरला दाखीव." नसीमनं लिहिला. तिच्या गुडघ्याचा दुधाशी काही संबंध निघाला नाही. वाकून गठ्ठे उचलण्याशी निघाला.

माझ्या तक्त्याच्या नमुन्यात तेव्हापासून एक रकाना जास्त आहे. वर लिहिलंय, "काय नाही म्हणजे काय?"

तर ३१ ऑगस्ट. माझ्या यादीतलं चौथं काम, पेढे, मी लिहून मग खोडलं होतं आणि केळी आणली होती. पाचवं, चादर निवडणं. आमच्याच कारखान्याची, मोराच्या नक्षीची, मरून. मी स्वतः उजेडात धरून बघितली होती.

धाकट्या शेठनी ती अक्कांच्या खांद्यावर घातली आणि भाषण सुरू केलं. अक्का त्यांच्याकडे बघत होत्या, मान हलवत होत्या, मधे पदर डोळ्यांना लावला. उजवा हात मात्र चादरीच्या आत होता. मी त्यांच्या शेजारीच उभी होते, म्हणून मला दिसलं. हात सरकत होता, सरकत होता, आणि थांबला. दोन बोटं मागे आली, पुन्हा पुढे गेली. शेठ "अक्कांसारखी नजर" असं काहीतरी म्हणत होते. अक्कांनी त्यांच्यावरची नजर न हलवता मनगटावरचा दोरा तोडला, एका झटक्यात, आणि चादरीच्या काठाला गाठ मारली.

टाळ्या झाल्यावर मला हळूच म्हणाल्या, "मॅडम, चादर लई चांगली हाय. पण हितं जरा नाराज हाय. बदलून द्या."

मी चष्मा लावून बघितलं, काही नाही. मास्तरांनी बघितलं, काही नाही. शेवटी टेबलावर टाकून खालचा दिवा लावला. मोराच्या पायाशी एक उभा धागा तुटलेला होता. एक. अक्कांनी चिठ्ठी उलटून बघितली.

"नसीम, तुजाच शिक्का ग."

"अक्का, आज के दिन तो छोड दो!"

सगळे हसले. अक्का रिक्षात बसल्या तेव्हा जाऊबाईंच्या हातातली केळ्यांची पिशवी आणि हारांचं पुडकं, दोन्ही त्यांनी आपल्याकडे घेतलं होतं. रिक्षा गेटाबाहेर वळली आणि त्यांनी हात बाहेर काढून हलवला. बांगड्या नसलेला, उजवा. मूठ एकदा मिटली, एकदा उघडली.

पुढच्या महिन्यात त्या मुलीकडे हैदराबादला राहायला गेल्या. फोन येतो. मुलीच्या घरच्या लोणच्याच्या बरण्या त्याच उघडतात. तिथल्या शेजारणीला तक्ता लिहायला लावलाय. आणि फोन ठेवताना दर वेळी, "मॅडम, माझी चादर?"

नववं काम, त्या संध्याकाळी यादीत शेवटी लिहिलेलं. अक्कांची चादर बदलून पाठवणे.

आतापर्यंत मी भांडारातून तीन चादरी काढल्या. दिव्यावर टाकून बघितल्या. मग दार लावून, डोळे मिटून, उजव्या हातातल्या बांगड्या काढून, काठापासून काठापर्यंत हात फिरवला. मला काही लागत नाही. पण मला काही लागलं नाही म्हणजे तिथे काही नाही, असं म्हणायची सोय आता राहिलेली नाही. तिन्ही चादरी कपाटात आहेत. लाल गाठीची चौथी त्यांच्या वर.

काम बाकी.